टाकीखालचं छत

सालवड, बोईसर
५ जानेवारी २०२५

तीर्थरूप कमलाकांतमामा,

साष्टांग नमस्कार. कानाचं यंत्र लावलं तरी फोनवर तुम्हाला अर्धंच पोचतं आणि उरलेलं तुम्ही स्वतःच्या मनाने भरता, म्हणून लिहिते. पत्र बळवंतकडे देतेय. तो रोज पालघरहून मोटरसायकलने आमच्या कारखान्यात येतो, तुमच्या मागच्याच गल्लीत राहतो. उत्तरही त्याच्याकडेच द्या.

विषय माझ्या टाकीचा. आईच्या वर्षश्राद्धाला आलात तेव्हा तुम्ही ती पाहिली होती. खाऱ्या पाण्याची, चार फुटांची, आत जिवंत प्रवाळ. तुम्ही बराच वेळ काचेपुढे उभे राहिलात आणि विचारलंत, "यातला खायचा कोणता?"

आता ती अपुरी पडते आहे. निळा टँग मी आणला तेव्हा माझ्या अंगठ्याएवढा होता. आता तळहातापेक्षा लांब झाला आहे. काचेपर्यंत जातो, वळतो, पुन्हा काच. कुशीवर घासल्याची फिकट रेघ उमटली आहे. हा मासा वाढतो हे दुकानदाराने सांगितलं होतं. तोवर मोठी टाकी घेऊ, असं तेव्हा मी ठरवलं होतं, की तसं ठरवल्याचं नंतर स्वतःला सांगितलं, ते आता नक्की आठवत नाही.

मनोरला हायवेवरचं एक हॉटेल विकलं गेलं आहे. त्यांच्या दर्शनी भागात सहा फुटांची टाकी आहे. नवा मालक तिथे मिठाईचं काउंटर करणार. मेहुल म्हणून तिथला व्यवस्थापक आहे, तो म्हणतो, "मॅडम, तीस तारखेपर्यंत उचला, नायतर भंगारवाला उचलेल." अशी टाकी मला पुन्हा मिळणार नाही.

ठेवायची हॉलच्या डाव्या भिंतीला, आताची आहे तिथेच. आधी तिथे आईचा पलंग होता. सगळं धरून वजन बाराशे किलो होईल. स्लॅब पेलेल का, एवढंच मला तुमच्याकडून हवं आहे. खाली पहिल्या मजल्यावर एका खोलीत झुंबर भाड्याने राहतो, संगमनेरकडचा, एका कारखान्यात बॉयलरवर आहे. सोबत त्याची आई राहीबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती पलंगावरच असते. त्यांचा घरमालक वसईला.

फ्लॅट घेताना बिल्डिंग तुम्हीच पाहून दिली होती. म्हणून दुसऱ्या कुणाला विचारवत नाही.

तुमची,
उन्नती


पालघर
९ जानेवारी

चि. उन्नतीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आजोबांनी आयुष्यभर मासे खाल्ले. त्यांच्या वजनाची चिंता त्यांना कधी पडली नाही. असो.

बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढली, त्या जोरावर सांगतो. घराची स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलो धरून करतात. तुझी टाकी जेमतेम एक चौरस मीटरवर बाराशे किलो ठेवणार. याचा अर्थ लगेच छत कोसळेल असा नाही. वजन आजूबाजूला वाटलं जातं, भिंतीखाली बीम असेल तर तो बराच भार घेतो. पण बीम आहे की नाही, हे तुझ्या जमिनीकडे बघून कळणार नाही. तो खालच्या घराच्या छतात दिसेल.

तेव्हा खाली जा. झुंबरची परवानगी घे. टाकीच्या बरोबर खाली छतातून खाली उतरलेला काँक्रीटचा जाड पट्टा आहे का ते पाहा. मग काठीने छत वाजव. भरीव आवाज येतो की पोकळ, ते ऐक. ओल, भेग, पोपडा, काय असेल ते बघ.

आणि चिठ्ठीत "सगळं ठीक आहे" असं लिहू नकोस. काय दिसलं ते लिही. खात्यात मी "ठीक आहे" असे शेरे पुष्कळ वाचले आहेत, थोडे लिहिलेही आहेत.

कमलाकांतमामा


सालवड
१५ जानेवारी

तीर्थरूप मामा,

काल संक्रांतीचा तिळगूळ घेऊन खाली गेले होते. बीम आहे. म्हणजे तुमचा मुख्य प्रश्न सुटला.

छताला टाकीखालच्या बाजूला एक डाग आहे, थाळीएवढा. झुंबर म्हणाला, "बाथरूमचं पानी झिरपत आसंल ताई, समद्याच बिल्डिंगीत आसतं." काठीने मात्र वाजवलं नाही, कारण राहीबाईंचा पलंग नेमका त्याच्याखाली आहे, आणि तिळगूळ द्यायला आलेल्या बाईने काठी उचलून छत ठोकायला घेणं बरं दिसलं नसतं.

राहीबाई भारी बोलतात. माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, तुज्या हातून माशांना मीठ जास्त पडतंय." मी विचारलं, कशावरून? तर म्हणाल्या, "परवा वरनं थेंब पडला माज्या ओठावर. खारट व्हता." झुंबर हसायला लागला. "आई, तोंडाची चव गेलीय तुजी. चहाबी खारट लागतो तुला." त्या म्हणाल्या, "चहा तू करतोस, तो कसाबी लागंल." आम्ही तिघंही हसलो.

मेहुलला टाकी ठेवून दे असं कळवलं आहे. टेम्पो तीस तारखेला. उद्या-परवा समोरच्या फ्लॅटमधल्या दोघांशी बोलून उचलायला माणसं ठरवते. तुमचं एकदा "हो" आलं की झालं.

टँग काल दिवसभर एकाच कोपऱ्यात होता.

उन्नती


पालघर
१६ जानेवारी

चि. उन्नती,

तुझं पत्र बळवंतने रात्री दिलं, मी सकाळीच उत्तर त्याच्या हातात देतोय.

बाथरूमचं पाणी खारट नसतं.

तुम्ही तिघे ज्यावर हसलात ते वाक्य मी चार वेळा वाचलं. तू कारखान्याच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं पाणी तपासतेस. मला पुढच्या तीन गोष्टी कळव. एक, सहा वर्षांत त्या टाकीतून पाणी किती वेळा जमिनीवर आलं? दोन, डागाला गंजासारखी तपकिरी कड आहे का? तीन, तू बीम खरोखर पाहिलास का? मी लांबी-रुंदी विचारली नव्हती, पण ज्याने बीम पाहिला आहे तो निदान तो कुठून कुठे जातो एवढं तरी लिहितो.

छताची पूड खरवडून तुझ्या प्रयोगशाळेत मीठ बघ. त्याची रीत मी तुला शिकवायला नको. काँक्रीटमध्ये मीठ उतरलं की आतली सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की खालचं काँक्रीट ढकलून देते. ते पडतं खाली, तुझ्या घरात नव्हे.

तोवर म्हातारीचा पलंग हलव. टाकीचं नंतर बघू.

कमलाकांतमामा


सालवड
२० जानेवारी

तीर्थरूप मामा,

बीम मी पाहिला नाही. छत आणि भिंत मिळतात तिथे सावलीचा जाडसर पट्टा दिसला, तो बीमच असेल असं मी धरलं. जिना चढेपर्यंत "असेल"चं "आहे" झालं होतं. काल पुन्हा जाऊन पाहिलं. त्या भिंतीखाली बीम नाही. ती भिंत नुसती आडोशाची आहे.

पाणी किती वेळा आलं, हे मला वहीत शोधावं लागलं. टाकीची वही मी रोज लिहिते: तापमान, खारटपणा, कुणी खाल्लं, कुणी नाही. मुख्य टाकीच्या खाली, कपाटात, पाणी गाळायची एक लहान टाकी असते. बोईसरची वीज गेली की पंप थांबतो, वरचं पाणी खाली उतरतं आणि लहान टाकी उतू जाते. अशा एकतीस नोंदी आहेत. गेल्या जूनमध्ये मी कामावर असताना वीज गेली, तेव्हा हॉलभर पाणी होतं. प्रत्येक नोंदीपुढे मी "पुसलं" असं लिहिलंय आणि लगेच पुढच्या ओळीत तापमान. फरशीच्या सांध्यांतून किती खाली गेलं असेल, हा विचार एकतीसपैकी एकाही वेळी माझ्या मनात आला नाही. की आला आणि मी तो पुसला?

डागाला तपकिरी कड आहे.

पूड आणली. डिस्टिल्ड पाण्यात ढवळली, गाळली, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याची नळी शेजारी ठेवली होती, ती स्वच्छ राहिली. पुडीच्या नळीत दूध फाटल्यासारखा पांढरा साका बसला, म्हणजे मीठ.

पण मामा, मी आणखी एक नमुना घेतला होता. झुंबरच्या ओट्यावरच्या कोपऱ्यातून, जिथे माझं पाणी कधीच पोचलेलं नाही. तीही नळी पांढरी झाली. कमी, पण झाली. म्हणजे या काँक्रीटमध्ये मीठ आधीपासून होतं. मग सगळा दोष माझा एकटीचा कसा? हे लिहिताना मला बरं वाटतंय, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटतेय.

पलंग हलवायला सांगितला, पण कारण सांगितलं की तिथे पंख्याचं वारं थेट अंगावर येतं. झुंबर म्हणाला, "मंग ठेवू कुठं ताई? दारात?" खोलीत खरंच दुसरी जागा नाही. एका बाजूला ओटा, एका बाजूला संडासचं दार. पलंग तिथेच आहे.

नवीन टाकी समोरच्या भिंतीला ठेवली तर चालेल का? तिकडे पाणी कधी सांडलेलं नाही.

उन्नती


पालघर
२२ जानेवारी

चि. उन्नती,

तुझा शेवटचा प्रश्न वाचून मी पत्र मिटलं, फेरी मारून आलो आणि पुन्हा उघडलं. त्याला उत्तर देत नाही.

दुसऱ्या नळीचं उत्तर मात्र माझ्याकडे आहे.

ती बिल्डिंग पाहायला मी आणि तुझी आई आलो तेव्हा आवारात रेतीचा ढीग होता. मी मूठभर हातात घेतली. त्यात शिंपल्यांचा चुरा होता. खाडीची रेती, न धुतलेली. बिल्डर म्हणाला, "साहेब, ही फक्त फरशीखाली भरायला." मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. तो खोटं बोलतोय हे मला कळलं आणि मला कळलंय हे त्याला. बिल्डर आता हयात नाही, मी आहे.

तुझ्या आईला भाड्याच्या खोल्यांचा वीट आला होता. आधीच्या चार बिल्डिंगांना मी नाही म्हटलं होतं. पाचव्या वेळी ती जिन्यात उभी राहून म्हणाली, "दादा, तुला चांगलं घर म्हणजे सरकारी विश्रामगृह वाटतं." मला नाही म्हणवेना. "बिल्डिंग चांगली आहे," असं म्हणालो. मनाशी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावर आहे, पावसाचं पाणी लागणार नाही, कोरडं राहिलं तर पंचवीस-तीस वर्षं काही होत नाही. त्याच जागी तू समुद्र आणून ठेवशील हे माझ्या हिशेबात कसं असणार?

बघ, मीही तेच करतोय. दुसरी नळी दाखवतोय.

तू पहिलं पत्र पाठवलंस त्याच दिवशी मी हे लिहायला हवं होतं. त्याऐवजी तुला काठी घेऊन खाली पाठवलं. वाटलं, तुला आपोआप दिसेल आणि मला सांगावं लागणार नाही.

टाकी रिकामी कर. मोठीचं नाव काढू नकोस. आणि झुंबरला खरं कारण सांग.

मामा


सालवड
२७ जानेवारी

तीर्थरूप मामा,

तुमचं पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. रागावले होते. तुमच्यावर, पण त्यामुळे माझ्यावरचा राग कमी झाला नाही.

शनिवारी दुपारी भूकंपाचा धक्का बसला. डहाणूकडे होतात तसलाच, पंखा हलावा एवढा. टाकीतलं पाणी या टोकाकडून त्या टोकाकडे गेलं, परत आलं, आणि काठावरून ओंजळभर जमिनीवर पडलं. मी फडकं घेऊन गुडघ्यांवर बसले आणि पुसता पुसता थांबले. खालून झुंबरचा आवाज आला, "आई, हलू नगंस!"

धावत खाली गेले. राहीबाईंच्या पायथ्याशी बशीएवढा पोपडा पडला होता. पायाला लागला नाही. त्या म्हणाल्या, "हलू कशी, हलता आलं आसतं तर हितं पडले आसते व्हय?"

मग मी झुंबरला बाहेर बोलावून सगळं सांगितलं. पाणी, मीठ, नळ्या, रेती. पंख्याचं वारं खोटं होतं तेही. त्याने दार ओढून घेतलं. मला वाटलं, आता ओरडेल.

तो म्हणाला, "ताई, कुनाला बोलू नका."

मला वाटलं त्याला समजलं नाही. पुन्हा सांगू लागले.

"समजलं मला. बॉयलरवर हाय मी, गंज काय आसतो ते ठावं हाय. पन मालकाला कळलं तर दुरुस्तीच्या नावाखाली भाईर काढील. आईला आशी बघून कोन खोली देतं? दोन म्हैने फिरलो तवा ही मिळाली. संडास घरात हाय, तेवढ्यासाठी घेतली."

"पण छत, झुंबर..."

"छत काय आज पडतंय? तुमी वरनं पानी सांडू नका म्हंजे झालं. पावसाळ्याआधी बघतो मी दुसरीकडं."

आतून राहीबाईंनी विचारलं, "काय म्हनती रं बाई?"

"काय न्हाई आई. मासे दावते म्हनती."

मामा, जिना चढताना मला हलकं वाटलं. खरं सांगते. मी माझं काम केलं होतं, सांगून टाकलं होतं, आणि ज्याला सांगायचं त्यानेच गप्प राहा म्हटलं होतं. वर येऊन वहीत लिहिलं, "त्याचीच तशी इच्छा आहे." त्याच्या खालच्या ओळीत समोरच्या भिंतीचं माप आहे, सहा फूट चार इंच. सकाळी ते पान वाचलं. दोन्ही ओळींचं अक्षर अगदी नीट होतं.

टाकी अजून भरलेलीच आहे. मेहुलचा फोन आला होता. टेम्पो गुरुवारी सकाळी निघणार. मी नको म्हटलं नाही.

त्यांनाच कळवायचं नसेल तर मालकाला कळवण्याचा मला काय अधिकार? त्यांना बाहेर काढलं तर ते पाप कुणाचं? हा प्रश्न मी त्यांच्यासाठी विचारतेय की टँगसाठी, हे मला ओळखता येत नाही. तुम्ही सांगा.

उन्नती


पालघर
२८ जानेवारी

चि. उन्नती,

झुंबरने गप्प राहा म्हटलं म्हणून सळई गंजायची थांबत नाही.

त्याची भीती खरी आहे. त्यामुळे नुसतं "मालकाला कळवा" म्हणणं सोपं आहे आणि अपुरं आहे. माणसाला छताखालून काढायचं तर दुसरं छत दाखवावं लागतं. तुझ्या घरात दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीखालची स्लॅब आधी वाजवून पाहा. पुढचं मी सांगणार नाही, तुला कळतं.

सोबत एक कागद आहे. दोन पानांचा, हाताने लिहिलेला, खाली माझी सही आणि जुना हुद्दा. तुझ्या वरून झिरपलेलं पाणी, त्या भिंतीखाली बीम नसणं, आणि रेतीबद्दल मला तेव्हाच जे माहीत होतं ते, सगळं त्यात आहे. भाडेकरूचा काही दोष नाही हे पहिल्याच परिच्छेदात आहे. याच्या तीन प्रती केल्या आहेत. एक ही, मालकाला देण्यासाठी. दुसरी, तीही सोबतच, तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला.

तिसरी माझ्या टेबलावर पाकिटात आहे, वसईचा पत्ता घालून. कागद तुझ्या हातात देऊन तुझ्यावर सोपवणं ही माझी पळवाट झाली असती, आणि एक माझी वापरून झाली आहे. शुक्रवारपर्यंत तू दिलास तर उत्तम. नाहीतर शनिवारी ते पोस्टात पडेल.

चिंतू मिस्त्रीला शुक्रवारी टेकू घेऊन पाठवतोय. माझा गुडघा दोन जिने चढायला तयार नाही, नाहीतर आलो असतो.

मामा


सालवड
५ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

शनिवारी तुम्हाला पाकीट पोस्टात टाकायची गरज उरली नाही, एवढं बळवंतकडून कळलं असेल. बाकीचं आज लिहायला बसले.

बुधवारी संध्याकाळी कागद मालकाला द्यायच्या आधी झुंबरला वाचून दाखवला. तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "तुमी शिकलेली मान्सं कागद करून मोकळी व्हता." मी म्हटलं, आतली खोली रिकामी करते, दुरुस्ती होईपर्यंत आईंना वर आणा. तिथली स्लॅब मी खालून वाजवून पाहिली आहे, भरीव आहे. तो म्हणाला, "उपकार नगंत." उत्तर राहीबाईंनी दिलं. "रोज वर बघत पडायचं, त्यापरीस वर जाऊनच पडते की. उचल मला."

प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना वर आणलं. जिन्याच्या वळणावर त्या म्हणाल्या, "लगनात बी आसं मिरवलं न्हवतं." झुंबर सोडून सगळे हसले.

गुरुवारी टाकी रिकामी केली. वाणगावचा जितेश आला होता. त्याच्या घरी तळमजल्यावर खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्याने थर्माकोलच्या पेट्या आणल्या. क्लाउनफिशची जोडी लगेच जाळ्यात आली. टँगला पकडायला पाऊण तास लागला, शेवटी खडकांच्या सगळ्या कपारी मोडून काढाव्या लागल्या. सहा वर्षांत वाढलेलं प्रवाळ हाताने तोडताना मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. पाणी जमिनीवर पडू नये याकडेच सगळं लक्ष होतं. अडीचशे लिटर पाणी बादल्यांनी दोन जिने उतरवून नेलं.

त्यातच टेम्पो आला. मी बुधवारी मेहुलला नको म्हणून सांगितलं होतं, पण त्याने ड्रायव्हरला सांगितलं नव्हतं, की मुद्दामच पाठवला, देव जाणे. सहा फुटांची टाकी चादरीत गुंडाळून गेटपाशी उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आता मी हिला कुठं घेऊन जाऊ? बघा तरी, काच कशी जाड हाय." मी चादरीचं टोक उचलून पाहिलं. सुरेख होती. ओरखडासुद्धा नव्हता. जितेशने दोन्ही हात पसरून माप घेतलं आणि मान हलवली, "आमच्या दारातून शिरायची नाय." टेम्पो वळून गेला. तो वळेपर्यंत मी तिथेच उभी होते, हे लिहायला हवं.

मालकाला शुक्रवारी सकाळी कागद मिळाला. दुपारी त्याचा फोन. "मॅडम, मासे पाळा, काही पाळा, पण माझा भाडेकरू का पळवता?" मी दुरुस्ती माझ्या खर्चाने करून देते म्हटलं. तो म्हणाला ते चालेल, पण झुंबरने आठ दिवसांत सामान हलवावं, दुरुस्तीनंतर तो दुसरी माणसं ठेवणार. झुंबर जे म्हणाला होता तेच झालं, मामा. शब्दशः. त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. कामावरून यायचा, आतल्या खोलीत आईपाशी बसायचा, माझ्या समोरून जाताना मान खाली.

चिंतू मिस्त्रीने शुक्रवारीच टेकू लावले होते. सैल प्लास्टर काढायला तो काल आला. झुंबर सामान बांधत होता, मी दारात उभी. चिंतूने आम्हा दोघांनाही भिंतीपाशी सरकायला सांगितलं, टेकूच्या बाजूने हात लांब केला आणि हातोडीचा एक ठोका दिला. जोराचा नव्हता. दारावर टकटक करावी तेवढा.

दाराच्या फळीएवढा तुकडा खाली आला. खोलीभर धूळ झाली. धूळ बसली तेव्हा फरशीवर पलंगाच्या चार पायांचे वण दिसत होते, आणि तो तुकडा डोक्याकडच्या दोन वणांवर आडवा पडला होता. वर सळया उघड्या पडल्या होत्या. बोटाएवढ्या जाड असायच्या त्या जागोजागी उदबत्तीएवढ्या राहिल्या होत्या.

चिंतू म्हणाला, "हितं कोन झोपायचं?"

झुंबर त्या तुकड्यापाशी उकिडवा बसला. उचलायचा प्रयत्न केला, एकट्याने उचलला नाही. मग सळईची एक खपली काढली आणि दोन बोटांत चुरली. "बघ, मी सांगत होते" असं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. एकतीस वेळा मी ते पाणी पुसलं होतं.

तो उठला, हात झटकले, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलला. "ताई, रेती तर समद्या बिल्डिंगीला एकच आसंल न्हवं?"

मी म्हटलं, हो.

"वरच्या मजल्यावर त्या मंजुळाबाईचं बाळ हाय. खाली घोडक्याचा पोरगा छताखालीच अभ्यासाला बसतो."

"तिथे वरून मीठ गेलेलं नाही," मी म्हटलं. "बहुधा."

"बहुधा," तो म्हणाला, माझाच शब्द मला परत दिल्यासारखा.

आज सकाळी त्याने सोसायटीच्या सेक्रेटरीचं दार वाजवलं. सेक्रेटरीने दार अर्धं उघडून सांगितलं की भाडेकरूंनी यात पडू नये. झुंबर म्हणाला, "मी भाडेकरू ऱ्हायलोच न्हाई. आता कुनाला भ्यायचं?" आणि तुमचा कागद त्याच्या हातात ठेवला.

झुंबरला अजून खोली मिळालेली नाही. माझ्या ओळखीत विचारते आहे, पण आई पलंगावर म्हटलं की पुढचं बोलणं थांबतं. तोवर ती दोघं इथेच. टँग वाणगावला पोचला, अजून खात नाही असं जितेश म्हणतो.

चिंतूने हातोडी आमच्यासाठी इथेच ठेवली आहे. उद्या संध्याकाळी पहिल्या मजल्यापासून छतं वाजवायला सुरुवात करायची, चार घरं कबूल झाली आहेत. कुठे आणि किती जोराने मारायचं ते तुम्ही सकाळीच बळवंतकडे लिहून द्या. शिडी झुंबर धरणार आहे.

उन्नती